संस्थापक डॉक्टरांनंतर आरोग्य संस्था कुणी चालवायची?

माळरान

नमस्कार मंडळी. आदिवासी भागात आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी कार्यक्रम समन्वयक आहे. संस्थेचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक छोटं रुग्णालय, पाड्यापाड्यांवर आमच्या आरोग्यसेविका, गरोदर माता, कुपोषण, सिकलसेल, क्षयरोग असं कामाचं स्वरूप. संस्था काढणारे डॉक्टर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी इथे दवाखाना टाकला तेव्हा पावसाळ्यात रस्ता बंद असायचा आणि पेशंट डोलीतून यायचे. त्यांच्याबद्दल आदर आहे आणि राहील.

पण आता पुढे कोण, हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघालाय आणि दोनच नावं फिरतायत. एक म्हणजे डॉक्टरांचा मुलगा. तो शहरात प्रॅक्टिस करतो, माणूस चांगला आहे, इथे सणावाराला येतो. दुसरा पर्याय देणगीदार कंपनीने सुचवलाय: बाहेरून व्यवस्थापन शिकलेला सीईओ आणायचा, पहिली दोन वर्षं पगार त्यांनी द्यायचा. ज्या सिस्टर आणि पर्यवेक्षिका वर्षानुवर्षं हे काम ओढतायत त्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून माता मृत्यू आणि बालमृत्यूचे आकडे काढून घेतले, बैठकीत मात्र बोलावलं नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेत काम केलंय का? अशा कामाचं चांगलं नेतृत्व म्हणजे नक्की काय, यावर मला मोकळेपणाने ऐकायचंय. विश्वस्तांपुढे काहीतरी मांडायची संधी मिळणार आहे, तयारी करून जायचं आहे.

---

जुनी_परिचारिका

माळरान ताई, माझी सगळी नोकरी अशाच दवाखान्यांत गेली, म्हणून लिहिते. नेतृत्व कसं आहे ते मी रात्रपाळीवरून ओळखते. डॉक्टर गावात नसताना, रात्री दोन वाजता बाळंतीण आली, रक्तस्राव थांबत नाही. ड्युटीवरच्या सिस्टरला कुणाला न विचारता काय काय करता येतं? ऑक्सिटोसिन लावणं, सलाईन चालू करणं हे ती करेलच. पण जीप काढायला सांगता येते का? डिझेलचे पैसे कपाटातून घेता येतात का? जिल्हा रुग्णालयात स्वतःच्या नावाने फोन करून "पाठवतेय, रक्ताची सोय करा" असं सांगता येतं का?

एका ठिकाणी मी पाहिलंय, प्रत्येक खर्चाच्या व्हाउचरवर मोठ्या डॉक्टरांचीच सही लागायची. ते परगावी, फोनला रेंज नाही, आणि ड्रायव्हर म्हणतोय सही नसेल तर गाडी काढणार नाही. त्यात कुणाची नियत वाईट नव्हती. डॉक्टर देवमाणूस होते. पण पहिल्यापासून सगळं एका माणसाच्या हातात राहिलं आणि तीच रीत पडून गेली. अतिरक्तस्रावात बाई दोन तासांत जाऊ शकते, रीत बदलायची वाट कोण बघणार?

तेव्हा मुलगा की सीईओ हे नंतर बघा. आज तुमच्याकडे डॉक्टरांच्या सहीशिवाय काय काय अडतं, ते आधी कागदावर काढा.

---

पायवाट

सिस्टरांनी नेमकं मांडलंय. मी एमबीबीएस झाल्यावर ग्रामीण संस्थेत काम केलं, तेव्हा जुन्या प्रकल्पांबद्दल बरंच वाचलं. त्यातलं जामखेडचं उदाहरण इथे फार लागू पडतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. सुरुवातीला त्यांनी गावांत प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. नर्सना गावात एकटं राहणं अवघड जायचं, आणि बाहेरून आलेल्या शिकलेल्या बाईचं गाव ऐकायचं नाही. मग गावातल्याच बाया निवडायच्या ठरल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या, रात्री मुक्काम करायच्या, एकमेकींचे अनुभव ऐकायच्या, आणि गावात परत जाऊन बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग सगळं बघायच्या.

आता डॉक्टर म्हणून या निर्णयाकडे बघा. सहा-सात वर्षं शिकून जे ज्ञान मिळवलं, त्यातला मोठा भाग निरक्षर बाईच्या हाती द्यायचा. त्यातून आपलं महत्त्व कमी होणार हे माहीत असून द्यायचा. माझ्या लेखी नेतृत्व ते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सामुदायिक नेतृत्वासाठी. त्याच्या आधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची नोंद घेतली होती, आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यामागे जगभरातले जे अनुभव होते त्यांत हाही होता.

आणखी एक गोष्ट. दुष्काळाची वर्षं होती, लोकांनी औषधं मागितली नाहीत, पाणी मागितलं. त्यांनी कूपनलिका खोदायला घेतल्या, आणि कित्येक ठिकाणी त्या दलित वस्तीत बसवल्या. सवर्णांना पाण्यासाठी तिथे जावं लागलं. हे आरोग्याचं काम नाही असं म्हणणारे तेव्हाही असणार. जुलाबाने मुलं जिथे मरतात तिथे पाणी कुणाच्या दारात येतं, हा पहिला आरोग्याचा प्रश्न आहे.

---

कोरडवाहू

पायवाट, जामखेडचं मोठेपण मान्य. पण मला या सगळ्या कौतुकात एक गोष्ट खटकते. आपल्याकडे आरोग्य संस्थेचं नेतृत्व म्हटलं की त्यागी डॉक्टर दाम्पत्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. लोक दर्शनाला येतात, भाषणं होतात, पुरस्कार मिळतात. आणि मग पुढची पिढीही घरातलीच. जामखेडला आरोळ्यांची मुलं, हेमलकशाला आमट्यांची पुढची पिढी, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांच्या सर्च संस्थेतही त्यांची मुलं कामात आहेत. मी कुणाच्या कामाबद्दल वाईट बोलत नाही. पण लोकांच्या पैशावर, लोकांच्या सहभागावर उभी राहिलेली संस्था घराण्यातच का राहावी?

दुसरं म्हणजे, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० ला एक उपकेंद्र हा सरकारचा निकष आहे. ते केंद्र नीट चाललं तर अर्ध्या संस्थांची गरजच उरणार नाही. संस्थेच्या नेत्याने स्वतःला विचारायला हवं, की मी सरकारी दवाखाना सुधारायला भाग पाडतोय, की त्याच्या नाकर्तेपणावर पांघरूण घालतोय?

---

जुनी_परिचारिका

कोरडवाहू दादा, घराण्याबद्दल तुम्ही म्हणता ते कागदावर बरोबर आहे. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. अशा ठिकाणी राहायला बाहेरचा डॉक्टर येतो, वर्ष-दोन वर्षं थांबतो, बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा पुढे येते, जातो. त्याला दोष देत नाही. जो तिथेच वाढला, ज्याला माडिया किंवा कोरकू बोलता येते, ज्याला पाड्यावरच्या म्हाताऱ्या नावाने हाक मारतात, तो थांबतो. घरातला माणूस आला म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही. घरातला असूनही रोज तिथे राबला का, एवढंच मी बघेन. तुमच्या गोष्टीतला मुलगा सणावाराला येतो, तिथे खरी अडचण आहे.

---

ताळेबंद

मी न्यासांचे हिशेब तपासतो. भावनेच्या बाजूवर इतर लिहितीलच, मी कायदा आणि पैसा यांबद्दल लिहितो, कारण नेतृत्वाचे बरेच वाद शेवटी तिथे येऊन अडकतात.

महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली तरी ती सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयाकडेही नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा, मुदत ९० दिवसांची. अनेक संस्था हे करत नाहीत. संस्थापक असेपर्यंत कुणी विचारत नाही. ते गेले की कळतं, नोंदीवरचे निम्मे विश्वस्त हयात नाहीत आणि उरलेल्यांत दोन गट. मग बँक सही मानत नाही, पगार थांबतात, औषधांचा पुरवठादार उधारी बंद करतो. माळरान ताई, तुमच्या संस्थेची परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची, ताजी प्रत मागवून घ्या. कुणाची नावं चढलेली आहेत ते आधी बघा.

आता देणगीदाराच्या सीईओबद्दल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा बहुतेक वेळा प्रकल्पापुरता येतो. बहुवार्षिक प्रकल्प धरला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं. त्यातून फिरता दवाखाना येतो, सोनोग्राफी मशीन येतं, इमारतीवर पाटी लागते. पण मशीन चालवणाऱ्याचा पाचव्या वर्षीचा पगार कोण देणार? सीईओलाही हेच लागू आहे. तिसऱ्या वर्षी कंपनीचं धोरण बदललं की त्याचा पगार तुमच्या औषधांच्या पैशातून जाणार, नाहीतर तो माणूस जाणार.

परदेशी देणगी घेत असाल तर आणखी एक. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, पण व्यवस्थापनातल्या मोठ्या पगारांचा भार त्या २० टक्क्यांवर येतो. लहान संस्थेत एक महागडा अधिकारी ही मर्यादा खाऊन टाकतो. हे विश्वस्तांना आकड्यांत दाखवा, ऐकतील.

---

सातपुडा

कोरडवाहूंच्या दुसऱ्या मुद्द्याला धरून लिहितो. महाराष्ट्रात २००७ पासून सामाजिक संस्थांच्या मदतीने आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातले लोक उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि मग जनसुनवाई. मी अशा सुनवायांना गेलोय. एक बाई उभी राहून सांगते, नर्स अमुक महिन्यात आलीच नाही, बाळंतपणाला पैसे मागितले. वैद्यकीय अधिकारी समोर बसलेला, त्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. काही ठिकाणी औषधं यायला लागली, पैसे मागणं थांबलं.

मला विचारायचंय ते असं: आपल्या संस्थांनी सरकारी दवाखान्याची सुनवाई घेतली, स्वतःच्या दवाखान्याची कधी घेतली का? आदिवासी भागात काम करणाऱ्या किती संस्थांच्या विश्वस्त मंडळात आदिवासी बाई आहे? सल्लागार समितीत फोटोपुरती नको, सही करणारी, "हे करू नका" म्हणणारी.

सर्चचं इथे एक शिकण्यासारखं आहे. त्यांनी लोकांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं मिळाली: मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, आणि आमचा देव तिथे नसतो. म्हणून शोधग्राम या सर्चच्या आवारातलं रुग्णालय आदिवासी वस्तीसारखं, झोपड्या-झोपड्यांचं बांधलं आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. पुढे आदिवासींची आरोग्य संसद भरवून प्राधान्य कशाला द्यायचं तेही लोकांनाच विचारलं. डॉक्टरांना सोयीचं काय, यापेक्षा हा वेगळा रस्ता आहे.

---

पायवाट

सर्चचं नाव निघालंच आहे तर नवजात बालकांच्या कामाबद्दलही लिहितो, कारण त्यात नेतृत्वाचा एक वेगळा गुण दिसतो.

त्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. न्यूमोनियाने मुलं मरत होती. मिनिटाला श्वास किती हे मोजलं तर निदान होतं, पण गावच्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यावर मणी सरकवायचं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी पुढे. वाळूच्या घड्याळातली मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया. आकडे येत नाहीत म्हणून तिला बाजूला काढण्याऐवजी साधन तिच्या हाताला जमेल असं केलं.

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या. वजन, ताप, स्तनपान, ऊब, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा. इंजेक्शनला तज्ज्ञांचा विरोध होणारच होता. उत्तर म्हणून त्यांनी तुलनेसाठी हे काम नसलेली नियंत्रण गावं ठेवून प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये देशभर गावोगावच्या आशा सेविकांच्या घरभेटींचा कार्यक्रम आला तो या कामाच्या आधारावर. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ते तिथूनच.

कोरडवाहू, तुमच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर आहे. संस्थेने ३९ गावांत सिद्ध केलं, सरकारने देशात नेलं. उरलेलं अर्धं उत्तर माझ्याकडे नाही, कारण ती आशा अजूनही मोबदल्यावर राबते, नियमित पगार तिला नाही. तो प्रश्न संस्थांनी आणखी जोरात मांडायला हवा.

एक शेवटचं, माळरान ताईंच्या दोन पर्यायांबद्दल. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था दिल्लीच्या एम्समधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या गटाने उभी केली. एकच चेहरा नाही. काही जण पुढे दुसरीकडे गेले, काम चालू राहिलं. पार्टनर्स इन हेल्थ या आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेचे पॉल फार्मर फेब्रुवारी २०२२ मध्ये अचानक गेले. जगभर ओळखला जाणारा माणूस. पण संस्थेचा कारभार त्याआधीच दुसऱ्यांच्या हाती होता, आणि २०१९ पासून मुख्याधिकारी होत्या शीला डेव्हिस. त्या नर्स आहेत.

---

जुनी_परिचारिका

शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे नर्सला मेट्रनच्या पुढे जागाच नसते.

---

कोरडवाहू

पायवाट, पटलं. एक भर घालतो. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून घरोघरी जाऊन आयांना जुलाबावर द्यायचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती घरं फिरली यावर नव्हता. नंतर दुसरं कुणी तरी जाऊन काही आयांना विचारायचं, मीठ किती, गूळ किती, पाणी किती. आईला जेवढं आठवतं त्यावर शिकवणारीचे पैसे. आपल्याकडच्या संस्था देणगीदाराला "इतक्या महिलांना प्रशिक्षण दिले" असं लिहून पाठवतात. त्या बाईला काय आठवतं हे कोण विचारतं? नवा नेता कुणीही आणा, त्याला हा प्रश्न पडतो का ते मुलाखतीत बघा.

---

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. परिशिष्ट एकची प्रत मागवली. ताळेबंद दादा, तुमचा अंदाज खरा ठरला. नोंदीवरच्या दोन विश्वस्तांचं निधन झालंय आणि बदल अर्ज दिलेलाच नाही.

आमच्या पर्यवेक्षिकांशीही बोलले. मला वाटलं होतं त्या खूश होतील. सगळ्यात अनुभवी ताई म्हणाल्या, "मला विश्वस्त नका करू. तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, मी गप्प बसेन, आणि उद्या काही चुकलं की म्हणतील तुमचीही सही आहे." मी निरुत्तर झाले. वर, पगारी माणूस विश्वस्त होऊ शकत नाही असंही एका विश्वस्तांनी सांगितलं. हे खरं आहे का?

---

सातपुडा

ताईंचं म्हणणं अगदी रास्त आहे. एकटी बसवली तर त्या गप्पच बसणार. किमान तिघी असाव्यात. बैठक मराठीत व्हावी, आणि बैठकीचे कागद आठवडाभर आधी मराठीत मिळावेत. हिशेबाचं पत्रक वाचायला आधी शिकवावं. जी बाई वजनाचा तक्ता बघून मूल घसरतंय हे एका नजरेत ओळखते, तिला जमा-खर्च का कळणार नाही? जमलं तर एक बैठक पाड्यावर घ्या.

---

ताळेबंद

विश्वस्त सांगतात तसं सरसकट नाही. आधी तुमच्या संस्थेची घटना बघा. काही घटनांमध्ये पगारी व्यक्तीला विश्वस्त होण्यास मनाई लिहिलेली असते, तिथे घटना दुरुस्त करावी लागेल. मनाई नसेल तरी विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते. पर्यवेक्षिकेच्या पगारात तो प्रश्न येईल असं मला वाटत नाही, पण तिच्या पगाराचा विषय निघाला की तिने त्या चर्चेत आणि मतदानात नसावं, आणि तसं इतिवृत्तात लिहावं. हाच नियम डॉक्टरांच्या मुलालाही लावा. त्याच्या नेमणुकीवर मत देताना वडिलांनी बाहेर थांबावं.

विश्वस्त करणं लगेच जमत नसेल तर आधी कार्यकारी समिती करा आणि खर्चाच्या अधिकारांचा ठराव घ्या. रात्रपाळीची सिस्टर किती रकमेपर्यंत स्वतः खर्च करू शकते, गाडी कोण सोडू शकते, औषधांची तातडीची खरेदी कोण करू शकते, हे सगळं नावानिशी न लिहिता पदानुसार लिहायचं. हा ठराव याच बैठकीत मंजूर होऊ शकतो, त्याला धर्मादाय कार्यालयात जावं लागत नाही.

---

माळरान

घटना वाचली, मनाई कुठेच नाही. डॉक्टरांना एकटं भेटून सिस्टरांनी सुचवलेली यादी दाखवली, त्यांच्या सहीशिवाय काय काय अडतं ती. बराच वेळ वाचत होते. त्यातल्या दोन गोष्टींवर वाद घातला. औषध खरेदीचा अधिकार वाटला तर साठा गळेल अशी त्यांना भीती आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही, म्हणून तिथे दोन सह्या ठेवायचं ठरलं. गाडी आणि रात्रीच्या खर्चाचा ठराव ते स्वतः मांडणार आहेत. मुलाने आधी वर्षभर इथे राहून काम करावं, मग बोलू, असंही ते म्हणाले.

सीईओचा विषय कंपनीने सोडलेला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचे लोक येतायत. पर्यवेक्षिकांपैकी तिघी त्या भेटीत बसणार आहेत, बोलणं मराठीत होईल असं मी आधीच कळवलंय. ताळेबंद दादा, अधिकारांच्या ठरावाचा एखादा नमुना असेल तर इथेच टाकाल का? इतरांनाही उपयोगी पडेल.

---

ताळेबंद

टाकतो. रकमेच्या जागा कोऱ्या ठेवतो. त्या सिस्टरांना विचारून भरा, मागच्या वर्षी रात्री पाठवलेल्या पेशंटच्या गाडीखर्चाची व्हाउचरं समोर ठेवून.